पेंढ्याचा धाकटा

आमच्या आईला दोन मुलगे. एक पोटचा, एक हातचा. पोटचा तो माझा दादा आणि हातचा तो धाकटा. मी मधली, दोघांच्या मध्ये कात्री घेऊन बसलेली. धाकटा पेंढ्याचा होता, एवढाच काय तो फरक. कोट, टोपी, बूट सगळं दादासारखं.

दादा सिनेमाच्या कंपनीत पडायच्या कामाला होता. हसू नका, तेव्हा असं काम होतं. सिनेमाला अजून वाचा फुटली नव्हती. पडद्यावरची माणसं नुसती तोंडं हलवायची, मग लोकांना बाकावर धरून ठेवायचं कशाने? कुणीतरी कुठूनतरी पडायला हवं. दादा जिन्यावरून पडायचा, घोड्यावरून पडायचा, अंग झाडून उठायचा आणि संध्याकाळी घरी येऊन आईकडून पाठ शेकून घ्यायचा. पण जिथून पडल्यावर माणूस उठणं शक्य नाही, तिथे धाकट्याची पाळी यायची.

त्याची रीत अशी. दिग्दर्शकाला आम्ही सगळे भोंगा म्हणायचो, कारण त्याच्या हातात पत्र्याचा भोंगा असायचा आणि हातात नसला तरी तो तशाच आवाजात बोलायचा. दादा छपराच्या कडेला येऊन तोल गेल्यासारखं करायचा. भोंगा ओरडायचा, "थांब!" की कॅमेऱ्याचं हँडल थांबायचं आणि जो जिथे असेल तो तिथेच पुतळा. नाक खाजलं तरी हात हलवायचा नाही. मग दादाला बाजूला घ्यायचं, त्याच्या जागी धाकटा तसाच वाकडा उभा करायचा, "चल!" म्हटलं की हँडल पुन्हा सुरू आणि धाकट्याला ढकलायचं. पुढचं काम माझं. मी जोडणीच्या खोलीत, काचेच्या टेबलाशी. दादाचा तुकडा जिथे संपतो आणि धाकट्याचा जिथे सुरू होतो तिथे कात्री मारायची, कडा खरवडायच्या, डिंक लावायचा, दाबून धरायचं. पडद्यावर एकच माणूस कडेला यायचा आणि तोच खाली जायचा. बायका किंचाळायच्या. मी मागच्या बाकावर बसून जांभई द्यायचे.

"थांब" म्हणायचा अधिकार मात्र एकट्या भोंग्याचा. ती काळ्या दगडावरची रेघ होती. मागे एकदा एक नटी चक्कर येऊन पडली म्हणून कॅमेरावाल्या काकांनी आपणहून हँडल थांबवलं, तर भोंग्याने त्यांना महिनाभर अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायला बसवलं होतं. तेव्हापासून भोंगा बोलल्याशिवाय काकांचं बोटसुद्धा थांबत नसे.

पहिले धाकटे कंपनीच्या शिंप्याने केले होते. आई एकदा माझा डबा द्यायला आली आणि त्यातला एक पडताना तिने पाहिला. "हा माणूस पडला की कुणी माडीवरून गादी टाकली?" ती म्हणाली, तीही मालकाच्या देखत. मालक म्हणाले, मग तुम्ही करून दाखवा. आईने करून दाखवला. पायात वाळू, टाचेत खडा, कोपराला दोरीचा सांधा, डोकं हलकं. त्यामुळे तो नेहमी पायांवर खाली जायचा आणि जाताना त्याचे दोन्ही हात वर व्हायचे, वाचवा म्हटल्यासारखे. एका कापडातून ती दोन कोट काढायची. थोरल्याचा अंगाबरोबर, धाकट्याचा जरा ढगळ, पेंढा मावायला. दादा धाकट्याला जेवताना शेजारी बसवायचा. "आई, आधी याला वाढ. उद्या माझ्या वाटचं यालाच पडायचंय." आई त्याच्या पाठीत धपाटा घालायची. "दात काढू नकोस," ती म्हणायची. "धाकटा पडतो म्हणून थोरला उभा आहे माझा."

त्या सिनेमात दादा पुलावरून पडणार होता. दगडी पूल, खाली दुथडी भरलेली नदी. मी तिथे नव्हते, आईही नव्हती. जे सांगते ते कॅमेरावाल्या काकांचं.

धाकटा चौकडीचा कोट घालून कठड्याला टेकून तयार होता. तसाच कोट घातलेला दादा कठड्यावर चढला. तोल गेल्यासारखं करता करता त्याचा तोल खरंच गेला. भोंग्याने भोंगा तोंडाला लावला आणि आतून आवाजच आला नाही. जन्मभर लोकांच्या कानठळ्या बसवणारा माणूस, नेमकी तेव्हा त्याची वाचा बसली! "थांब" कुणी म्हटलं नाही म्हणून काकांचं हँडल फिरत राहिलं. पुलावरचे नट ठरल्याप्रमाणे कठड्याशी धावले आणि ठरल्याप्रमाणे छाती बडवत राहिले. काठावर जमलेल्या बघ्यांना वाटलं धाकटाच पडला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता पुढचं ऐका. होड्या सुटल्या, शोधाशोध सुरू झाली आणि भोंग्याला त्याचा आवाज परत मिळाला. "ऊन आहे तोवर धाकट्यालाही टाकून घ्या," तो म्हणाला. "असं आभाळ उद्या मिळायचं नाही." आणि त्यांनी टाकला. काकांनी पुन्हा हँडल फिरवलं. मी नंतर काकांना विचारलं, तुमचा हात धजला तरी कसा? त्यांनी आपल्या हाताकडे बघितलं. "धजला नाही गं," ते म्हणाले. "सवयीचा होता."

आम्हाला निरोप मिळाला तेव्हा दिवस कलला होता. आई आणि मी काठावर पोचलो तर खालच्या वळणावरून हाका येत होत्या, "सापडला! सापडला!" आई धावली. चिखलात एक वहाण रुतली ती तिथेच राहिली. होडीवाल्यांनी त्याला वाळूवर पालथा ठेवला होता, चौकडीचा कोट अंगाला चिकटलेला. आईने त्याच्या पाठीवर अंग टाकलं आणि लगेच उठून बसली. तिला हाताला कळलं. "हा धाकटा आहे," ती म्हणाली.

होडीवाल्यांनी त्याला उलटवून बघितलं. त्यांचा तरी काय दोष? त्यांना एक माणूस शोधायला सांगितला होता, दुसरा कुणी मागाहून टाकलाय हे सांगायचं सगळ्यांच्या राहून गेलं होतं. आईने धाकट्याच्या बुटातलं पाणी ओतलं, त्याचा कोट सरळ केला. "याला दिलं तर त्यालाही देईल," ती म्हणाली. "नदीला काय, दोघं सारखेच." धाकट्याला आम्ही घरी आणून चुलीपाशी वाळत घातला. नदीने दादाला दिलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

लोकांनी समजूत घातली. आई रडली, मग रडायची थांबली. दादाच्या खुंटीवरचे कपडे तिने घडी करून पेटीत ठेवले. मला वाटलं, चला, छातीवर दगड ठेवला बाईने.

मग मालकांनी मला बोलावलं. मालक वाईट माणूस नव्हते. वाईट माणसाचा निदान आधी अंदाज येतो.

"बस," ते म्हणाले. "तुझ्या भावाने या सिनेमासाठी जीव दिला. तो असा वाया जाऊ द्यायचा का?"

"दिला नाही मालक. गेला."

"तेच ते. दोन्ही तुकडे आहेत आपल्याकडे. मी खरा ठेवायचं ठरवलंय. पाट्यांवर तसं ठळक लिहू, खराखुरा मृत्यू म्हणून. लोक डोळे पुसत बाहेर पडतील. त्याचं नाव होईल."

"आई बघायला येईल."

"येऊ दे की. पहिल्या रांगेत बसवू तिला."

ते मनापासून बोलत होते, हेच तर वाईट होतं.

"जोडणी दुसरीला देऊ का?" त्यांनी विचारलं. "तुला जड जाईल."

"नको," मी म्हटलं. "माझ्या भावाला दुसरीची कात्री नको."

त्यांना गहिवरून आलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला कडकडून चावावंसं वाटलं मला, पण पाण्यात राहून माशाशी वैर परवडत नाही. आणि मला वैर करायचं नव्हतंच. आईने तो तुकडा बघता कामा नये, एवढंच मला हवं होतं.

दोन्ही तुकडे मी काचेवर घेतले. धाकट्याचा ओळखीचा होता. पाय खाली, हात वर. दादाचा मी भिंग लावून एकेक चौकट बघितला. का बघितला विचारू नका, न बघता कात्री कुठे मारणार? तो कठड्यावर उभा होता, खोटं खोटं डुलत होता, ओठांच्या कोपऱ्यात हसूही होतं. मग पाय गेला. हात वर गेले नाहीत, आडवे गेले, कठडा पकडायला. तो डोक्याकडून खाली आला. पुलाच्या खांबाला मध्ये एक दगड पुढे आलेला आहे, त्यावर त्याचं डोकं आपटलं. त्यानंतरच्या चौकटींत त्याचे हात कशाला पकडत नव्हते. पाण्यात गेलं ते नुसतं अंग. लोक म्हणायचे, पट्टीचा पोहणारा होता, कुठे तरी लागला असेल काठाला. पुलावरच्यांना खांब दिसत नव्हता, काठावरचे लांब होते, काका म्हणाले मी हँडलचे फेरे मोजत होतो. तो दगड फक्त मला माहीत होता.

मी धाकट्याचा तुकडा जोडला, मूळ फिल्मला आणि पहिल्या छापलेल्या प्रतीलाही. मूळ फिल्ममधला दादा पाण्याच्या पिंपात टाकला, जिथे आम्ही सगळे नको असलेले तुकडे टाकायचो, कारण ती फिल्म ठिणगी लागली की भडकायची. छापलेला तुकडा मात्र टाकवेना. हातभर लांबीची ती पट्टी मी गुंडाळून अंबाड्यात खोचली. फाटकावरची बाई आमच्या बाह्या तपासायची, डबे उघडायची. केसांत कुणी फिल्म नेईल असं तिच्या मनात कधी आलं नाही. घरी मी ती पट्टी एका डब्यात घालून चुलीपासून लांब, खिडकीवरच्या फळीवर ठेवली.

मालकांनी पुरा सिनेमा एकदा बघितला. आधी नुसते तुकडे दाखवले होते तेव्हा पडायची वेळ आली तशी त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं, काकांनी सांगितलं मला, आणि भोंगा तर बाहेर विडी ओढत होता. म्हणजे दादाला पडताना त्या दोघांनी पडद्यावर बघितलंच नव्हतं. या खेपेला मालकांनी छाती करून डोळे उघडे ठेवले. पेंढ्याचा धाकटा वाळूच्या पायांवर खाली गेला आणि मालकांनी रुमाल काढला. "खरं ते खरं," ते म्हणाले. "नकलीला हे जमत नाही." मी जमिनीकडे बघितलं. हसू आलं असतं तर सगळंच बिघडलं असतं.

पहिल्या दिवशी आईला खरंच पहिल्या रांगेत बसवलं. दादा पडद्यावर आला, चालला, मान तिरकी करून हसला, आणि आईने माझं मनगट असं धरलं की बोटांचे वळ उठले. पूल आला. तो कठड्यावर चढला. सगळं थेटर श्वास धरून बसलं. मग माणूस खाली गेला, पाय आधी, दोन्ही हात वर. लोक किंचाळले. मागे कुणी तरी हुंदके देऊन रडत होतं. कुणी टोपी काढली.

आणि आई हसली. चांगली मोठ्याने हसली. "अगं, हा तर धाकटा!"

जिंकले मी, असं मला वाटलं. स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. पण खेळ सुटून बाहेर आलो तर दारात पाटीवाला ओरडत होता, खराखुरा मृत्यू, खराखुरा मृत्यू, आणि आई रस्त्यात थांबली.

"हा काय म्हणतोय?"

"धंद्याचं असतं ते. चल."

"थांब गं. हे म्हणतात, त्या दिवशी पडला तोच हा. मालकही तेच म्हणाले. मग त्या दिवशी पडला तो धाकटा." तिचा चेहरा उजळत चालला होता, मला तो बघवेना. "काठावरची माणसंही तेच म्हणत होती, आम्हाला वाटलं धाकटा पडला. अगं, वाटलं कसलं, खरंच होतं ते! थोरला पडलाच नाही."

"आई, दादा गेला."

"तू बघितलंस?"

बघितलं होतं, आणि म्हणूनच बोलता येईना. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. माझ्या आईला मी अख्खी पेंढी नेऊन दिली होती.

त्या दिवसापासून घरात तिसरं पान मांडलं जाऊ लागलं. दादाचं जेवण झाकून राहायचं आणि सकाळी ती तेच शिळं मुकाट्याने खायची, संध्याकाळी पुन्हा ताजं झाकायची. दाराला कडी लावू देईना. मालकांनी त्याला कुठे तरी लांब दडवलाय, असं तिने ठरवून टाकलं; सिनेमाचा भर ओसरला की सोडतील. त्याच्यासाठी तिने नवा कोट शिवायला घेतला, जाड, थंडीचा. तिकडे कंपनीने पडायच्या कामाला नवा माणूस घेतला आणि आईकडे नवा धाकटा मागितला. तिने साफ नाही म्हटलं. "थोरला आल्याशिवाय धाकटा नाही. एका कापडातून दोन कोट निघतात, ठाऊक नाही का त्यांना?" नवा माणूस मग शिंप्याने शिवलेल्या त्या गादीसारख्या धाकट्यावर भागवू लागला, आणि जिथे गादी शोभेना तिथे भोंगा त्यालाच पडायला लावू लागला. त्याने एकदा हात मोडून घेतला.

कॅमेरावाले काका एक दिवस घरी आले. झाकलेलं पान त्यांनी बघितलं आणि मला ओट्यावर बोलावलं.

"त्या पुलावर मी दोनदा हँडल फिरवलं," ते हळू आवाजात म्हणाले. "थेटरात दिसतं ते दुसऱ्या खेपेचं. मला ओळखू येतं."

"मग सांगा जाऊन मालकांना."

"मी कशाला सांगू? पण कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, पोरी. तिला दाखव."

"तुमचं कोंबडं घाला चुलीत!" मी म्हटलं. ते गेले. मला त्यांचा राग आला होता, कारण त्यांचं खरं होतं.

आई रोज थेटरात जायची. आधी गुपचूप बसायची. दादा चालताना बघायची, धाकटा पडला की उठून यायची. मग एका दुपारी ती पडद्यापुढे जाऊन उभी राहिली. मी कामावर होते, मला हे लोकांनी सांगितलं. तिच्या अंगावर पुलाचं चित्र हलत होतं आणि ती हात वर करून सांगत होती, "रडू नका रे! हा मी शिवलाय. वाळू आहे त्याच्या पायात. माझा मुलगा यांनी दडवून ठेवलाय!" काही जण हसले. काही जणांनी तिकिटाचे पैसे परत मागितले.

मालकांनी मला पुन्हा बोलावलं. या खेपेला बस म्हणाले नाहीत.

"तिच्या डोक्यावर परिणाम झालाय. मी समजू शकतो. पण हे चालायचं नाही. डॉक्टरांशी बोललोय मी. उद्याच्या खेळाला ती दिसली तर वेड्यांच्या इस्पितळाची गाडी येईल."

"ती कुणाला दगड मारत नाही, मालक."

"ती खऱ्याला खोटं म्हणते, आणि तेही चार लोकांत. वेड म्हणजे आणखी काय असतं?"

अख्ख्या गावात एकच माणूस खरं बोलत होतं आणि गाडी त्याच्यासाठी येणार होती. माझ्या तोंडाशी आलं होतं, मालक, तिचं बरोबर आहे. पण मग त्यांनी विचारलं असतं, खरा तुकडा कुठाय? आणि तो हाती लागला असता तर त्यावरून शंभर छापले असते. दादा रोज तीनदा मेला असता, गावोगावी, तिकीट लावून. मालकांना सांगितलं तर आई शहाणी ठरली असती आणि तिला ते बघावं लागलं असतं, सगळ्यांच्या गर्दीत, बाजूला कुणी तरी खाऊ चघळत असताना. त्यापेक्षा घरात, माझ्या शेजारी बसून बघू दे. जे टाळायला मी एवढा खटाटोप केला, ते आता मलाच तिच्या हातात द्यायचं होतं.

सकाळी मी कामावर गेले नाही. आई खिडकीत बसून कोटाला शेवटचं बटण लावत होती. मी डबा काढला, पट्टी सोडवली आणि तिच्यापुढे धरली.

"हे काय?"

"दादा. उजेडाकडे धर. तुझं भिंग घे."

बारीक शिवणीसाठी तिच्याकडे भिंग होतं, दादानेच आणलेलं. तिने पट्टी काचेला टेकवली आणि वरून सुरुवात केली. "हा थोरला," ती लगेच म्हणाली. "बघ, हसतोय लबाड." बोट खाली सरकलं. "कठड्यावर कसा उभा राहिलाय बघ, जसा काही अंगणातच." पुन्हा सरकलं. "आता भोंगा थांब म्हणेल. आता याला बाजूला घेतील. आता धाकटा..."

बोट थांबलं. मग एक चौकट पुढे गेलं. मग आणखी एक.

मी तिच्याकडे बघत होते, पट्टीकडे नाही. पट्टी मला पाठ होती.

"याचे पाय आधी गेले नाहीत," आई म्हणाली.



"हात वर नाहीत याचे." भिंग हळूहळू खाली आलं, त्या पुढे आलेल्या दगडापर्यंत. तिथे ती किती वेळ थांबली कुणास ठाऊक. रस्त्यावर कुणी तरी चाकू-कात्र्यांना धार लावणारा ओरडत गेला आणि त्याचा आवाज पार लांब जाईपर्यंत ती तिथेच होती. भिंग जागचं हललं नाही. शिंपिणीचा हात तो.

"हा मी शिवलेला नाही," ती म्हणाली.

मग तिने भिंग खाली ठेवलं. "कळलं असेल का गं त्याला?"

"नाही. पाण्यात जायच्या आधीच संपलं होतं."

"पाणी गार होतं त्या दिवशी."

"त्याला नाही लागलं पाणी, आई."

तिने मान हलवली. मला वाटलं आता ती फुटेल, पदर तोंडाशी घेईल, मी जवळ घ्यायला हातही पुढे केला. तिने तो बाजूला सारला.

"तू मला इतके दिवस झाकलेल्या पानाशी बसवलंस," ती म्हणाली. "रोज वाढत होते मी."

"तुला हे दिसू नये म्हणून..."

"मी त्याला जन्म देताना बघितलंय. हेही बघितलं असतं." आवाज चढला नव्हता तिचा. चढला असता तर बरं झालं असतं. मग तीच हलक्या आवाजात म्हणाली, "तुला एकटीला बघावं लागलं. मला सांगायचं होतंस, मुली." तेव्हा मात्र मी रडले. तिच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडले, दादा गेल्यापासून पहिल्यांदा. ती माझ्या केसांतून बोटं फिरवत राहिली.

रडू आवरलं तशी ती उठली. पट्टी पुन्हा उजेडाला धरली, एक जागा निवडली आणि आपल्या मोठ्या कात्रीने एका घावात तिचे दोन तुकडे केले. मी जोडणीत इतकी वर्षं काढली, पण इतकी नेमकी जागा मला सापडली नसती. वरचा तुकडा, ज्यात तो कठड्यावर हसत उभा होता, तिने सुयांच्या डबीत ठेवला. खालचा माझ्या हातात दिला. "हा तुझ्या पिंपात टाक."

चुलीजवळचं रात्रीचं पान तिने उचललं. त्यातलं अन्न काढलं, ताटली घासली आणि पालथी घातली. दुपारी खेळाची वेळ आली आणि गेली. थेटराच्या रस्त्याने एक गाडी आमच्या खिडकीवरून रिकामीच परत गेली. आईने मान वर करून बघितलंसुद्धा नाही. ती तो नवा कोट टेबलावर पसरून बसली होती. दोन्ही कुशींची शिवण तिने उसवली, आत कापडाची पट्टी घालून तो ढगळ केला आणि खालची कड टाचून बंद केली. मग मला म्हणाली, मागच्या खोलीतला पेंढा आण.

मी आणला. ती मूठमूठ भरू लागली, आधी खांदे, मग छाती, दाबून दाबून.

"तो नवा पोरगा, पडायच्या कामाला घेतलाय तो," ती वर न बघता म्हणाली. "त्याला आई आहे का गं?"

"आहे."

"मग वाळू आण. पायात जास्त घालू."